लाल रुमाल हलवला तरी

...तर जॉन्सन उठला आणि परत खाली बसला, इथपर्यंत आपण आलो होतो. दौंडहून पुण्याकडे जाणारी सकाळची डेमू, खुटबाव मागे पडलेलं, यवत यायला दहा मिनिटं. तेवढ्यात हा माणूस दोनदा उठला आणि दोनदा बसला. समोरच्या बाकावरचा रोहिदास म्हणालासुद्धा, "बसा की पाव्हणं, यवत काय पळून चाललंय व्हय?" बायका हसल्या. जॉन्सननेही हसल्यासारखं केलं आणि मांडीवरची डब्याची पिशवी घट्ट धरली. पिशवीत डब्याखाली त्याचं गळ्यात घालायचं ओळखपत्र होतं. ते दिसू नये म्हणून ही धडपड.

जॉन्सन कोण ते सांगायलाच हवं. दौंडच्या रेल्वे कॉलनीतले अब्राहाम साळवे, मालगाडीचे गार्ड, त्यांचा हा धाकटा. अब्राहाममामांना एक खोड होती. फलाटावर कुणी अनोळखी माणूस दुसऱ्याला चुकीची गाडी सांगताना दिसला, की हातातला चहा खाली ठेवून मामा मध्ये पडायचे. एकदा नवरदेवाच्या मामाने अख्खं वऱ्हाड मनमाडऐवजी सोलापूरच्या गाडीत बसवलं. अब्राहाममामांनी ते रुखवतासकट खाली उतरवलं. नवरदेवाच्या मामाच्या शिव्या खाल्ल्या, वर बुंदीचे दोन लाडू खाल्ले आणि घरी आले. ही खोड जॉन्सनमध्ये जशीच्या तशी उतरली होती. फरक एवढाच, की बापाला लाडू मिळाले आणि लेकाला मेमो.

झालं असं होतं. कासुर्डीच्या पुढे आत वळल्यावर ती मौजनगरी आहे ना, पाळणे, घसरगुंड्या, पाण्याच्या लाटा, तिथे जॉन्सन नऊ वर्षं कामाला. त्याच्याकडे मोठी गाडी होती. रुळावरून वर चढते, माथ्यावर जाते आणि मग माणसं उलटी करत खाली येते, ती. ती सोडायचं बटण जॉन्सनच्या हातात. चार महिन्यांपूर्वी याच डेमूत एक जण छातीठोकपणे सांगत होता, की त्या गाडीवरून दोघं पडून मेले आणि मालकाने प्रकरण दाबलं. जॉन्सनला राहवलं नाही. "कुणी मेलं नाही हो," तो म्हणाला, "एकाचा हात मोडला होता, तोही जिन्यावरून उतरताना." त्या माणसाने फोन समोर धरलेला होता. संध्याकाळपर्यंत साऱ्या तालुक्याच्या फोनवर फिरलं, की पार्कचाच माणूस कबूल करतो, हात मोडला. मॅनेजरने बोलावून लिहून घेतलं, की बाहेरच्या कुणाशीही पार्कबद्दल बोलणार नाही, बोललो तर घरी बसेन. येत्या सोमवारी त्याचा करार पुन्हा व्हायचा होता.

तेव्हापासून जॉन्सन गप्प. लोक म्हणत, तिथलं पाणी थेट नदीचं असतं. तो खिडकीबाहेर बघे. लोक म्हणत, त्या डायनोसॉरच्या पोटात माणूस बसवलेला असतो आणि त्याला दर तासाला केळी द्यावी लागतात. तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधे. एकदा तर एक गुरुजी सांगत होते, की मोठी गाडी जपानी आहे आणि तिला चालवायला जपानी माणूस ठेवलाय. तो जपानी माणूस गुरुजींच्या शेजारी बसून शेंगा सोलत होता. घरी आल्यावर बायको कृपाबाईला हे सारं सांगून टाकायचा, तेव्हा कुठे त्याला जेवण जायचं. ती म्हणायची, "त्या केळीवाल्याने कुणाचं वाईट झालं का? मग जाऊ द्या की."

आता मात्र तसं नव्हतं, आणि म्हणूनच त्याची उठबस चालली होती.

खुटबावला बचत गटाच्या अकरा बायका चढल्या होत्या. सहल मौजनगरीलाच. यवतला त्यांची जीप उभी राहणार होती. गटाची अध्यक्षीण सविता, तोंडाने फटकळ, पण सगळ्यांची तिकिटं सांभाळणारी. आणि तिच्या शेजारी तिची आत्या झुंबरबाई, पासष्टीची, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. रोहिदास हा कासुर्डीचा, त्यांच्या ओळखीचा ना पाळखीचा. पण तीनदा पार्क बघून आलेला, म्हणून लगेच मास्तर झाला.

"मोठ्या गाडीत बसल्याबिगर यायचं न्हाई," रोहिदास म्हणाला.

"मला न्हाई जमायचं बाबा," झुंबरबाई म्हणाली. "गेल्या दिवाळीत छातीत मिशीन बसवलंय. डाक्टर म्हनले, जपून ऱ्हावा."

"आवं, त्याला काय हुतंय? भ्या वाटलं की हात वर करायचा. रुमाल हलवायचा. थांबवत्यात लगीच. जत्रंतला पाळणा न्हाई का थांबवत?"

इथे जॉन्सन पहिल्यांदा उठला होता.

आपल्याकडच्या जत्रेत पाळणा असतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. पाळणेवाला खाली उभा असतो, त्याची नजर वर असते. कुणी म्हातारी घाबरली, तिने पदर नाहीतर रुमाल हलवला, की तो दांडा दाबतो, पाळणा हळू होतो, म्हातारी उतरते, लोक हसतात आणि फेरा पुन्हा चालू. ही आपली रीत. आपल्या माणसाला वाटतं, फिरणारं सगळं असंच असणार. जॉन्सनने नऊ वर्षांत हे पुन्हा पुन्हा पाहिलं होतं, आणि म्हणूनच तो जागेवरून उठला होता.

सविताने पर्समधून लाल रुमाल काढला. "घ्या आत्या. ह्यो मनगटाला बांधा. लांबनं दिसंल."

"लालच हाय, बरं झालं," झुंबरबाई म्हणाली आणि गाठ मारून घेतली. मग हात वर करून तिने तो हलवून पाहिला. एकदा हळू, एकदा जोरात. "आसं का?"

"अगदी बरोबर," रोहिदास म्हणाला. "त्यो बटणवाला बगतच आसतो."

बटणवाला तीन हातांवर बसला होता. त्याच्या बापाने लाल झेंडा दाखवला की मैलभर लांब मालगाडी थांबायची. लहानपणी त्याला वाटायचं, जगातली कुठलीही गाडी लाल कापडाला थांबते. त्या म्हातारीलाही तेच वाटत होतं.

मनात त्याने हिशेब मांडून पाहिला. पार्कात गेल्यावर गेटवर अडवू? पण आज त्याची पाळी पाण्याच्या बाजूला होती, मोठ्या गाडीवर दुसराच माणूस. गेटवर विचारतात, कुणाला हृदयाचा त्रास आहे का. पण दहा जणींच्या घोळक्यात, रुमालाचा भरवसा असताना, ही बाई कशाला हो म्हणेल? त्या माणसाला सांगून ठेवू? तो म्हणेल, कुठली म्हातारी, हिरव्या लुगड्याच्या वीस असतात. आणि समजा आपण इथे बोललो, तर या रोहिदासच्या हातात फोन आहेच. सकाळपासून तो खिडकीतून उसाचे व्हिडिओ काढतोय. सोमवार चार दिवसांवर.

गाडीचा वेग कमी झाला. सिग्नलपाशी रेंगाळायला लागली. जॉन्सन दुसऱ्यांदा उठला, तेव्हाच रोहिदासने ती यवतची थट्टा केली. खाली बसल्यावर जॉन्सनने मधला मार्ग काढायचा ठरवला. नाव नाही, गाव नाही, नुसतं सुचवायचं.

"मावशी," तो म्हणाला, "लहान पोरांची आगगाडी असते तिथं. ती बरी. मोठीच्या नादाला लागू नका."

झुंबरबाईने त्याच्याकडे पाहिलं. रोहिदासला ते काही आवडलं नाही.

"तुम्ही बसलाय का मोठ्या गाडीत?"

आता आली का पंचाईत. नऊ वर्षं रोज चाळीस चाळीस फेऱ्या सोडणारा माणूस, पण स्वतः एकदाही बसला नव्हता. उंचीवर गेलं की त्याला गरगरायचं. कॉलनीतल्या टाकीवरसुद्धा तो कधी चढला नाही. खोटं बोलायची सवय नव्हती.

"न्हाई," तो म्हणाला.

"मग?" रोहिदास बायकांकडे वळला. "बसलं न्हाईत आन् सांगत्यात. म्या तीनदा बसलोय."

बायका पुन्हा हसल्या. सविता म्हणाली, "आत्या, ह्यांच्यासारखंच करा, खालनं सांगत बसा." झुंबरबाईपण हसली, आणि मनगटावरची गाठ तिने दातांनी आणखी घट्ट केली. आता थोडं वाटत असलेलं भयसुद्धा त्या हसण्यात गेलं. जॉन्सनला कळलं, की आपण अर्धवट बोललो ते न बोलण्यापेक्षा वाईट झालं.

यवत आलं. बायका उतरल्या, रोहिदासही उतरला. स्टेशनाबाहेर जीप उभी. जॉन्सनची रोजची वाट डाव्या हाताला, सहा आसनी रिक्षाकडे. तो चार पावलं त्या बाजूला गेला. मागे सविता मोजत होती, "...आठ, नऊ, आत्या, तुम्ही पुढं बसा." रोहिदास जीपच्या दाराशी उभा राहून फोनवर सगळ्यांचा व्हिडिओ काढत होता आणि झुंबरबाईला सांगत होता, "हलवा की रुमाल, आत्ताच हलवा, गावात दाखवाय व्हईल."

झुंबरबाईने रुमाल हलवला.

जॉन्सन वळला. पळतच आला म्हणा ना. पिशवीत हात घातला, डबा बाजूला केला आणि ओळखपत्र काढून गळ्यात घातलं. घाईत पट्टी कानाला अडकली. रोहिदासने फोन खाली घेतला नाही, उलट जॉन्सनकडे वळवला.

"म्हंजी तुम्ही पार्कातलंच?" सविता म्हणाली. "मग गाडीत तोंड शिवलं व्हतं का?"

झुंबरबाई पुढच्या सीटवरून वाकली. मनगटावर लाल गाठ तशीच. "तू कोण रं बाबा? आन् थांबवत्यात का न्हाई, त्येवढं सांग."

जॉन्सनने एकदा फोनकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहून जे बोलला, ते रोहिदासच्या फोनमध्ये आहे, सविताच्या तोंडपाठ आहे, आणि मी ते दोघांकडूनही ताडून घेतलंय. त्यात एक शब्द माझा नाही:

"मी जॉन्सन अब्राहाम साळवे, दौंड. दादा, नाव नीट येऊ द्या व्हिडिओत. मावशी, ती गाडी मी सोडतो. चढावर आहे तोवर मला थांबवता येते, पण चढावर कुणी रुमाल हलवत न्हाई, सगळे हसत असतात. माथा ओलांडला की ती आपली आपण पळते, खाली येईपर्यंत माझ्या हातात काही न्हाई. आज बटणावर दुसरा आहे, पण मी असलो तरी काय? तुमचा रुमाल मला दिसंल मावशी, सगळ्यांचे दिसतात. मी नुसता बघत राहीन. म्हणून तेवढा सोडा तो, आणि लहान पोरांच्या आगगाडीत बसा. त्यात मीपण बसलोय."