ऐरणीपलीकडची बाई

लाकूड फोडायचं ते यंत्र अंगणात येऊन आज बाविसावा दिवस होता. एवढ्या दिवसांत त्याने धड काम एकही केलं नव्हतं, फक्त तेल सांडलं होतं. लोहारणीने ते सात वेळा पुसलं होतं. भुसा टाकायचा, घासायचं, झाडायचं, आणि दुसऱ्या सकाळी नवं थारोळं हजर. उंबऱ्याला तेल, चपलांना तेल, मांजराच्या पायांना तेल आणि त्याच पायांनी ते थेट गादीवर.

"वहिनी, एवढं तेल तर जायचंच," शेजारचा वेल्डर म्हणायचा. त्याला सगळी गल्ली 'होईल' म्हणत असे, कारण काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं. गळती थांबेल का? होईल. यंत्र उभं राहील का? होईल. तुला यातलं काही कळतं का? होईल. अशा माणसावर रागावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण ती रागवायची. दुसरं कोणी रागवून घ्यायला तयार नव्हतं. नवरा तर बोलतच नसे.

लोहार मुलखाचा अबोल. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि तितकीच वर्षं ती त्याच्या समोर, ऐरणीच्या पलीकडे घण घेऊन उभी राहिली. त्याच्या डाव्या हातात सांडशीत धरलेलं लाल लोखंड, उजव्या हातात छोटी हातोडी. हातोडीचा ऐरणीवर एक ठोका पडला की हिने घाव घालायचा. दोन ठोके पडले की थांबायचं. हातोडी ऐरणीवर उभी ठेवली की दम घ्यायचा, आणि आडवी ठेवली की काम संपलं. एवढ्यावर त्यांनी सव्वीस वर्षं पहारी, कुऱ्हाडी, टिकाव केले आणि कामात एकदाही भांडले नाहीत. घरात भांडायचे, म्हणजे ती भांडायची. ऐरणीशी मात्र तिला तो माणूस लख्ख कळायचा. भाजीत मीठ कमी आहे हे जो तोंडाने सांगू शकत नाही, तो हातोडीने सगळं सांगायचा.

मग तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, "आतला स्नायू फाटलाय. बाकी सगळं करा, पण घण उचलायचा नाही. कधीच." तिने विचारलं, "कधीच म्हणजे किती दिवस?" डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुढे विचारलं नाही.

घरी आल्यावर लोहार थेट भट्टीशी गेला. ती मागोमाग गेली. त्याने हातोडी उचलली आणि तिच्यासमोर ऐरणीवर आडवी ठेवली. झालं. ना 'काळजी करू नकोस', ना 'बघू काहीतरी'. सव्वीस वर्षं घण मारलेल्या बाईला एका हातोडीने रजा. तिला राग आला तो खांद्याचा नव्हता, आपल्याला कुणी विचारलंच नाही याचा होता. रागाच्या खाली भीतीही होती. ऐरणीसमोरची ती जागा गेली, तर या माणसाशी आपलं बोलणं उरतं कुठे?

त्यानंतर घण मारायला दोन गडी येऊन गेले. पहिला तिसऱ्या दिवशी पळाला. "माणूस बोलत नाही, नुसतं टकटक करतो, मी काय समजू?" असं तो जाताना तिलाच सुनावून गेला. दुसऱ्याने 'थांब'च्या ठोक्यावर घाव घातला, आणि लोहाराचं बोट थोडक्यात वाचलं. तेव्हा बंद पडलेल्या एका लाकडाच्या वखारीतून होईलने हे यंत्र ढकलत आणलं. "याचा दट्ट्या ओंडका फोडतो, मग लाल लोखंड काय चीज आहे? घणाची गरजच संपली!" हे तो तिच्या तोंडावर म्हणाला. बोलताना मेंदू घरी ठेवून यायची त्याला सवयच होती.

यंत्र मुळात आडवं. एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला दट्ट्या. दट्ट्या ओंडक्याला रेटत नेतो आणि पाचरीवर फोडतो. दोघांनी पाचर कापली, तिच्या जागी लोखंडी ठोकळा बसवला आणि अख्खं यंत्र उभं केलं, दट्ट्या वर, ठोकळा खाली. उभं केल्यावर तेलाच्या टाकीचं तोंड वर गेलं आणि तेल राहिलं खाली. पंप हवा ओढू लागला आणि असा किंचाळला की समोरच्या घरातली म्हातारी खिडकीत आली. टाकी काढून फिरवून बसवायला चार दिवस लागले. मग कळलं की दट्ट्या खाली उतरेपर्यंत लाल लोखंड काळं पडतं. मग खालचा ठोकळा उंच केला, दट्ट्याला चारच बोटं अंतर ठेवलं. मग कळलं की वरचं तोंड फार रुंद आहे, त्याने लोखंड दबतं कमी आणि गार होतं जास्त. त्यावर काय उपाय केला ते तिने विचारलं नाही. आगीतून फुफाट्यात चाललेल्या माणसांना वाट विचारून काय करायचं?

शिवाय तिचं लक्ष दुसरीकडे होतं. तिचा घण सापडत नव्हता. उचलायचा नव्हताच, पण कोपऱ्यात असायला काय हरकत होती? "होईलकडे दिलाय," लोहार म्हणाला आणि मान फिरवली.

बाविसाव्या दिवशी सकाळी चाचणी होती. खाणीवरच्या मंडळींना सोळा पहारी हव्या होत्या, आणि उरले होते पाच दिवस. होईलने दट्ट्याच्या व्हॉल्व्हला पायाने दाबायचं पेडल जोडलं होतं. "आता एका माणसाचं काम! वहिनी, तुम्ही आत खुशाल पाय पसरून बसा."

ती आत बसली. लसूण सोलायला घेतला आणि कान अंगणात ठेवले.

इंजिन सुरू झालं. मग हातोडीचा एक ठोका ऐकू आला. नकळत तिचा उजवा हात हलला, खांद्यातून कळ गेली. इंजिनाचा आवाज जड झाला, म्हणजे दट्ट्या लोखंडावर टेकला. मग दोन ठोके. थांब. इंजिन तसंच कण्हत राहिलं. पुन्हा दोन ठोके, घाईने. मग होईलचा आवाज: "अरे, पत्रा झाला!"

दुसऱ्या पहारीचंही तेच. एक ठोका, जड आवाज, दोन ठोके, आणि कण्हणं चालूच. तिसरीला तर पहारीचं दुसरं टोक गर्रकन फिरलं आणि होईलचं स्टूल उडालं. होईल त्यावर बसलेला नव्हता, हे त्याचं नशीब.

लसणाची पाकळी तिच्या हातातच राहिली. बाहेरच्या दोघा शहाण्यांना जे कळत नव्हतं ते तिला स्वयंपाकघरात बसून कळलं होतं. लोहाराचा हात 'थांब' म्हणत होता आणि कुणीतरी थांबेल म्हणून वाट बघत होता. थांबायचं होतं त्याच्याच पायाने, पण त्या बिचाऱ्या पायाला ही बोली कुणी शिकवलीच नव्हती. ऐकणारी इथे लसूण सोलत बसली होती.

ती बाहेर आली. "बंद करा ते!"

"वहिनी, पेडल जरा कडक आहे," होईल म्हणाला. "स्प्रिंग बदलली की होईल."

"काही होणार नाही. तू गप्प बस." ती नवऱ्याकडे वळली. "दोन ठोके कुणाला देत होता?"

लोहाराने हातातल्या हातोडीकडे पाहिलं. "कुणाला म्हणजे?"

"तेच विचारतेय! थांबणार कोण? तुमचा पाय? सव्वीस वर्षं माझ्याशी बोललात त्या हातोडीने, ते पायाला काय कळणार?"

 लोहाराने हातोडी ऐरणीवर ठेवली, आडवी. ते बघून ती आणखी भडकली, आणि तेवढ्यात तिची नजर दट्ट्याच्या टोकावर गेली. तिथे जोडलेल्या लोखंडाचा एक कोपरा उडालेला होता आणि तो कानशीने गुळगुळीत केला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिचा घाव चुकून ऐरणीच्या कडेवर बसला, तेव्हा उडालेला कोपरा. घासून दिला होता त्यानेच, न बोलता.

"हा माझा घण आहे."

"तोंड अरुंद हवं होतं," लोहार म्हणाला. "जरा फुगीर. असं दुसरं मिळालं नाही."

"आणि मला सांगितलंत होईलकडे दिलाय!"

"होईलकडेच दिला होता. जोडायला."

होईल तेलाच्या डबड्यात काहीतरी महत्त्वाचं शोधू लागला.

"मला विचारायला तोंड नव्हतं?" तिचा आवाज चिरकला. "माझी वस्तू कापलीत, दांडा फेकलात—"

"दिसला असता तर तू उचलला असतास," लोहार म्हणाला. मग थांबून, एकेक शब्द उपसल्यासारखा: "मी ठोका दिला की तुझा हात जातो. डॉक्टरांनी सांगितल्यावरसुद्धा दोनदा गेला. दुसऱ्या वेळी दोन दिवस तुला केस विंचरता आले नाहीत. मी बघत होतो."

त्याच्या तोंडून एवढं लांबलचक बोलणं तिने आजवर ऐकलं नव्हतं. आणि ते खरं होतं, हीच तर पंचाईत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही तिला संताप आला.

"म्हणून घणाला इथे जागा आणि मला लसूण?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी घण उचलू नको म्हटलं. समोर बसू नको म्हटलं का? पेडल लावायच्या आधी इथे दांडी होती ना? होईल, तिला किती जोर लागतो?"

"दोन बोटांचा, वहिनी."

"मग माझी दोन बोटंही फाटली आहेत का?"

 मग लोहाराने पाना उचलला, यंत्राशी उकिडवा बसला आणि पेडलचे बोल्ट सोडू लागला. होईल मदतीला वाकला तर त्याने कोपराने त्याला बाजूला सारलं. पेडल निघालं, दांडी पुन्हा बसली.

"डावीकडे वळवा," ती म्हणाली. "माझा डावा हात धड आहे."

त्याने डावीकडे वळवली. तिने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, सांडलेल्या तेलात टेकवलं आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. लोहार गेला, मूठभर भुसा आणून स्टुलाखाली टाकला आणि पायाने पसरला. बाविसाव्या दिवशी का होईना, सुचलं.

पहार भट्टीतून लाल होऊन आली. लोहाराने ती डाव्या काखेत घेऊन टोक घणाखाली धरलं, आणि ऐरणीवर आडवी पडलेली हातोडी उचलली. एक ठोका दिला.

तिने दांडी ओढली. घण खाली आला, तिच्या हातातून यायचा त्यापेक्षा कितीतरी सावकाश, आणि लोखंड मेणासारखं दबलं. दोन ठोके. दुसरा पुरता वाजायच्या आत तिने दांडी सोडली होती. पहार फिरली. एक ठोका. दोन ठोके. पुन्हा फिरली. चौथ्या दाबाला टोक चौकोनी झालं, सहाव्याला निमुळतं.

"झालं की!" होईल ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा काळ बदलला असावा.

"तू ते पेडल घेऊन जा आधी," ती म्हणाली.

दुपारपर्यंत पाच पहारी झाल्या. इंजिन तापलं तसं लोहाराने ते बंद केलं, कपाळ पुसलं आणि हौदाकडे पाणी प्यायला गेला. जाताना नेहमीच्या सवयीने त्याने हातोडी ऐरणीवर ठेवली. ती स्टुलावरून उठली नाही. आधी तिने हातोडीकडे बघितलं. हातोडी उभी होती.