दहा पावलं मागे

हेर क्रौझे, म्हणजे आपल्या भाषेत श्रीयुत क्रौझे, माझ्या शेजारून कधी चालत नसत. कारखान्यातून ट्रामच्या थांब्यापर्यंत ते माझ्या मागून यायचे, अंतर दहा पावलांचं. मी फाटक ओलांडलं की ते बुटाची नाडी बांधायला वाकायचे आणि मी पुरेशी पुढे गेले की निघायचे. ट्राममध्येही ते दुसऱ्या टोकाला बसत.

एके काळच्या पूर्व जर्मनीतल्या येना शहरात भिंगांच्या त्या छोट्या कारखान्यात मी आठ वर्षांपूर्वी लागले. क्रौझे तेव्हा निवृत्त झालेले होते, पण आम्हा इंजिनिअरांना हाताने काच घासायला शिकवण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस येत. मी सांगलीची, राग नाकावर घेऊन आलेली. माझ्यासारख्या सावळ्या बाईबरोबर दिसायची या म्हाताऱ्याला लाज वाटते, असं मी ठरवून टाकलं. माझा नवरा निखिल हसायचा. "आपल्याकडे बायका मागून चालायच्या," तो म्हणायचा, "तुझं प्रकरण उलटंच आहे."

आत कारखान्यात मात्र माणूस लोण्यासारखा मऊ. भिंग घासून झालं की मी लगेच मापायला धावायची. ते हात आडवा धरत. "थांबा, फ्राऊ पाटणकर, आधी हाताची ऊब जाऊ द्या. गरम काच खोटं माप देते." मग आम्ही दोघं अर्धा तास काचेकडे बघत कॉफी पीत बसायचो. त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "आधी विचारायचं." माझ्या टेबलावरचा दिवा वीतभर सरकवायचा असला तरी ते विचारत. माझी मुलगी एकदा कारखान्यात आली होती, तर तिला संत्रं सोलून देऊ का, हे त्यांनी आधी तिला विचारलं, मग मला विचारलं. त्यांच्या पाठीवर पांढऱ्या केसांची शेपटी असायची. तरुणपणी ते हिप्पी होते, असं कुणीतरी सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. साम्यवादी पूर्व जर्मनीत कसले आलेत हिप्पी?

मग एका नोव्हेंबरात, दुपारी चारच्या सुमाराला, थांब्यावर एक धिप्पाड माणूस माझ्यासमोर आला आणि जिथून आलीस तिथे परत जा म्हणाला. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये त्याला चांगलं सुनावलं. तो आणखी जवळ आला. तेवढ्यात क्रौझे मागून आले आणि शांतपणे मला म्हणाले, "मी तुमच्या शेजारी उभा राहिलो तर चालेल का?" अशा वेळीही विचारणं सुटलं नव्हतं. मी मान हलवली. ते उभे राहिले, पंचाहत्तरीकडे झुकलेलं ते काटकुळं शरीर. माणूस काहीतरी पुटपुटत निघून गेला.

माझा सगळा राग मग क्रौझेंवर निघाला. आज बरे शेजारी आलात, मी म्हणाले, एरवी तर माझी लाज वाटते. ट्राम आली, तेव्हा माझ्या बाजूला बसू का, असं विचारून ते बसले आणि लान नावाच्या मुलीबद्दल बोलले.

व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं तेव्हा तिथली मुलं-मुली इथे काम शिकायला आणत. लान क्रौझेंच्याच विभागात काच घासायला शिकत होती. क्रौझेंनी त्याआधी लष्करात बंदूक घ्यायला नकार दिला होता, म्हणून त्यांच्या हातात फावडं देऊन त्यांना दीड वर्ष खड्डे खणायला लावलं होतं. पोलिसांनी भर चौकात धरून कापलेले केस त्यांनी पुन्हा वाढवले होते. प्रेम आणि शांतता, बाकी सगळं झूठ, असं ते वय. त्या मुलींना इथल्या मुलांशी संबंध ठेवायला सक्त मनाई होती. लान त्यांना सांगायची, "बाहेर माझ्या दहा पावलं मागे चाल. तुला कुठे पाठवतील? तू इथलाच. मला परत पाठवतील."

वर्षभर ते मागे चालले. मग एका रविवारी बाजारचौकात कुणीतरी तिला रंगावरून घाणेरडं बोललं. क्रौझे पुढे धावले आणि सगळ्यांसमोर तिचा हात धरून त्यांनी तिचं चुंबन घेतलं.

"मला वाटलं, मी जगाला उत्तर दिलं," ते म्हणाले. "तिचा हात बर्फासारखा गार पडला होता. माझी अर्धा दिवस चौकशी झाली. ती आठ दिवसांत विमानात होती, त्या युद्धात परत. माझं धाडस होतं, फ्राऊ पाटणकर, आणि जीव तिचा होता."

माझ्यावर काही ओढवू नये म्हणून ते मागून चालायचे आणि मी त्याला लाज समजले होते. तिला शोधू या, मी म्हणाले. ते ठामपणे नाही म्हणाले. तिला आता नातवंडं असतील, पुन्हा आपल्या समाधानासाठी तिच्या दारात कशाला जायचं? त्यानंतरही तिच्या नातवंडांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही.

आणि मी, आगाऊ बाई, त्यांना न विचारता शोधलं. मी कोथिंबीर घ्यायची त्या व्हिएतनामी दुकानाच्या मालकीणबाईंची मावशी लानच्याच तुकडीत शिकायला आली होती. महिन्याभराने बाईंनी जुडी पिशवीत टाकता टाकता सांगितलं. लान परत गेल्यावर दुसऱ्याच वर्षी बाँबहल्ल्यात गेली. नातवंडं कुठली, बावीस वर्षांची होती पोर. ती कोथिंबीर मी घरी नेली आणि तशीच कोमेजू दिली.

दोन वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, निखिललाही नाही. क्रौझेंसमोर कॉफी पिताना मला त्यांच्या डोळ्यांत बघता येत नसे.

गेल्या वसंतात क्रौझेंना कर्करोगाने आडवं केलं. शेवटी त्यांना अशा घरात नेलं, जिथे उपचार थांबवलेली माणसं ठेवतात. तिथे एका दुपारी ते म्हणाले, "तुम्ही तिला शोधू म्हणाला होतात. आता शोधाल का?"

माझ्या तोंडून सत्य निघेना. मी "शोधते" म्हणाले.

ते म्हणाले, "तिला लिहा की मी चुकलो. आणि हेही लिहा, की उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही."

मी समोर बसून कागदावर लिहिलं, त्यांनी सही केली. त्यानंतर मी रोज जायची. ते काही विचारत नसत, मी आत आले की नुसते बघायचे. अजून उत्तर नाही, मी सांगायची. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी ते हे ऐकून चक्क हसले. उशीवर मान वळवत म्हणाले, "म्हणजे ती विचार करतेय."