मारबतीचा सिनेमा

ऐंशीच्या दशकात आमच्या नागपुरातल्या एका लग्नाच्या फोटोवाल्याने भुताचा सिनेमा काढला होता. कलाकार गल्लीतलेच, रक्त म्हणून गुळाच्या पाकात कालवलेलं कुंकू. कामठीच्या एका जुन्या थेटरात तो आठवडाभरही टिकला नाही आणि कोणी त्याला हिंग लावूनही विचारलं नाही. मी म्हणते, कुठे त्याच्या रिळांची पेटी सापडली तर जरूर बघा. नट्यांच्या किंकाळ्या ऐकून कोणी घाबरत नसतं. या सिनेमात बराच वेळ भूत येतच नाही. नुसता एक नवरा बायकोला मारतो आणि कॅमेरा जागचा हलत नाही. वेणी धरून फरपटतो, मुसळाने पाठ फोडतो, चुलीतलं जळतं लाकूड मांडीवर टेकवतो. शेजारच्या घरात पाट्यावर मसाला वाटण्याचा आवाज चालूच असतो.

माझी ताई तेव्हा काटोलहून माहेरी आली होती, डावं मनगट प्लास्टरमध्ये. पाय घसरून पडले म्हणाली. भाऊजी तिला न्यायला आले, दुसऱ्या दिवशी सकाळची बस ठरली. भाऊजींची बॅग घरात दिसल्यापासून तिने अन्नाला हात लावला नव्हता. तिला जायचं नव्हतं, पण तसं म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. बाबांनी जावयाची सरबराई म्हणून सगळ्यांना दुपारच्या खेळाला नेलं.

पडद्यावर नवऱ्याने बायकोचा हात पिरगाळला आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. भाऊजी पान चघळत बाबांना म्हणाले, "असं पिरगाळून कुठी मोडते का, मामाजी? हात उंबरठ्यावर ठेवून वरून पाय द्या लागते, तवा मोडते."

सिनेमावाल्याची चूक काढली त्यांनी. बाबा मान वळवून ताईच्या प्लास्टरकडे बघत राहिले. आईने पदर तोंडात कोंबला. मला तर त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

पुढे ती बायको मरते आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी परत येते. आमच्याकडे त्या दिवशी मारबत निघते. मारबत म्हणजे इडापिडा वाहून नेणारी बाई, तिचा मोठा पुतळा वेशीबाहेर नेऊन जाळतात आणि लोक ओरडतात, "रोगराई घेऊन जा गे मारबत". सिनेमात ही मेलेली बायको त्या पुतळ्याचं पोट फाडून बाहेर येते. नवऱ्याचा जबडा उकलते, हात खांद्यातून उपटते आणि उरलेला माणूस रस्त्याने ओढत नेते. फोटोवाल्याला वाटलं असेल, लोक आता खुर्च्या सोडून पळतील. पण नागपूरकरांची जन्माची सवय कुठे जाते? तिने त्याला ओढायला सुरुवात केली आणि आख्खं थेटर ओरडलं, "घेऊन जा गे मारबत." शिट्ट्या पडल्या. भीतीची पार मिरवणूक झाली. भाऊजीही हसत हसत ओरडले.

तेव्हा ताई उठून उभी राहिली. प्लास्टरचा हात तिने भाऊजींकडे केला आणि शांतपणे म्हणाली, "याले घेऊन जा गे मारबत."

आजूबाजूचे हसले. भाऊजींनी हात लांब करून तिची वेणी धरली आणि हिसडा दिला. ती आईच्या अंगावर पडली.

बाबांनी आम्हा मुलींना कधी चापटही मारली नव्हती. त्यांनी पायातला जोडा काढला आणि जावयाच्या तोंडावर हाणला. मारतच राहिले. दात तुटल्याचं मी ऐकलं. आईने अडवलं नाही. मलाही अडवावंसं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. शेवटी मागच्या रांगेतल्या लोकांनी त्यांना आवरलं. भाऊजी रक्ताची गुळणी टाकत, शिव्या देत बाहेर गेले.

सिनेमा चालूच होता. बाबा धापा टाकत खुर्चीत बसले. जोडा अजून हातातच होता. ताई उभीच होती, दाराकडे बघत. नवरा निघाला की मागून निघायचं, हेच तिला शिकवलेलं.

बाबांनी तिचा पदर धरला. "बस माय," ते म्हणाले. "आता कुठीच जाऊ नको."