रूपाबाईचा बोकड

सोजरबाई, तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. म्हणून हे पत्र मोठ्यानं बोलत लिहिते आहे. मध्ये प्रश्न विचारू नकोस. चौऱ्याहत्तर साली विचारलेस तेवढे पुरेत.

वाशीमजवळच्या मालेगावला आमच्या शाळेत तू झाडलोट करायचीस. नवरा गेल्यावर मेडशीकडचा बंजाऱ्यांचा तांडा सोडून एकटीच आलेली. मी बी.ए., ख्रिस्ती पाळकाची मुलगी, शाळेत मास्तरीण. रविवारी प्रार्थनामंदिरात बायकांचा वर्ग घ्यायची. तू दाराशी खराटा घेऊन बसायचीस.

त्या रविवारी विषय होता प्रायश्चित्त. पाप आपलं, त्यानं देवाशी नातं तुटलं; शिक्षा निष्पाप ख्रिस्तानं सोसली आणि देवाशी आपला समेट केला. पंधरा मिनिटांत मी उरकलं. बायका माना डोलवत होत्या. तू खराटा खाली ठेवलास.

“मास्तरीण, ज्यानं भोगलं त्याले मालूम होतं काय, का आपण दुसऱ्याचं भोगून राह्यलो?”

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, “होतं. आपणहून भोगलं त्यानं. म्हणून तर ते प्रायश्चित्त.”

“अन् मालूम नसन तं?”

“तर तो अन्याय. का गं?”

“असंच,” म्हणालीस, आणि आठवडाभर शाळेचं अंगण इतकं झाडलंस की खालचा मुरूम उघडा पडला.

मग विहिरीवर एका दुपारी बोललीस. बहात्तरच्या दुष्काळात नवरा आजारी, घरात दाणा नाही. तांड्याच्या बियाण्यातली ज्वारी तू चोरलीस. आळ आला तुझ्या जावेवर, रूपाबाईवर. तू गप्प राहिलीस. तांड्याच्या नायकानं निकाल दिला: रूपाबाईनं तांड्याला बोकडाचं जेवण द्यावं, तोवर तिच्याशी कोणी बोलायचं नाही. तिच्याकडे एकच बोकड होता.

“अन् पंगतीत मीबी बसली, मास्तरीण. तिच्याच बोकडाचं खाल्लं.”

मी घाईची बाई. म्हटलं, “देवाकडे कबूल कर, तो क्षमा करतो. बाप्तिस्मा घे, प्रभुभोजनाला बस, आमच्याबरोबर भाकर तोड.”

“देवानं केली असन माफी. त्याले सारं दिसते. रूपाले कुठी दिसते? पयले तिले सांगीन, मंग तुयी भाकर तोडीन. एकदा दुसऱ्याचं खाऊन बसली मी.”

“अगं, कृपा फेडायची नसते!”

“फेडून कोण राह्यलं? सांगाले जातो म्हणतो. तुया पुस्तकात नाही काय असं?”

होतं. देवाला काही वाहण्याआधी दुखावलेल्या माणसाकडे जा, असं साफ होतं. मी ते परीक्षेपुरतं वाचलेलं.

रूपाबाईला द्यायला तू एक करडू पाळलंस. वर्षभरात त्याचा दांडगा बोकड झाला, शाळेचे गुलाब आणि माझी हजेरीची वही खाऊन. एकटी तू दोनदा जाऊन वेशीवरूनच परत आली होतीस, म्हणून मी बरोबर यायचं ठरलं. “मी बोलता बोलता फिरली, तं तू सांगजो. तोंड फटकळ हाये तुयं, कामात येईन.” एस.टी.च्या कंडक्टरला बोकडाचं हाफ तिकीट विचारून आलीस. तो म्हणाला, “टपावर बसवा, पण धराले तुमीबी वर बसा.” तू त्यालाही तयार!

आधी माझे पेपर तपासायचे होते. मग पावसानं तांड्याची वाट बंद. मग आमच्याकडे लग्न. दर महिन्याला प्रभुभोजनाच्या वेळी तू भिंतीला टेकून उभी राहायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. “दिवाळीनंतर नक्की,” मी म्हणायची. देवाशी तुझं केव्हाच मिटलंय, एवढी घाई कशाला, असं मला खरंच वाटायचं.

शहात्तरच्या मार्चात तुला ताप आला. तिसऱ्या दिवशी बोकडाची दोरी माझ्या हातात दिलीस.

“रूपाले सांगजो.”

मी हो म्हटलं.

मेलेल्या बाईचं नाव कशाला खराब करा, अशी सबब मी पुढे बरीच वर्षं वापरली. बोकड माझ्याच दारात म्हातारा होऊन मेला. मेडशीची एस.टी. अजून घरावरून जाते. रूपाबाई आहे की नाही, हेही मी कोणाला विचारलेलं नाही.