जावयाची ओव्हर

आमच्या खाडीकाठच्या क्रिकेट स्पर्धेचा एक नियम मला मनापासून पटतो. खेळाडू गावचाच हवा. हमरस्त्याच्या मोठ्या मैदानांवर आता खेळाडूंचे लिलाव होतात, पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो लागतात, आणि ज्या गावाच्या नावाचा टी-शर्ट अंगात आहे ते गाव कुठल्या फाट्याला आहे हे अकरातल्या नऊ जणांना ठाऊक नसतं. आमच्याकडे असलं काही नाही. खाडीच्या अलीकडची चार गावं, पलीकडची चार, सहा-सहा षटकं, टेनिसचा चेंडू आणि ओली घट्ट वाळू. तारीख तिथीवर ठरते. अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, जाळ्यात फारसं काही लागत नाही म्हणून होड्या घरी असतात, आणि ओहोटी भर दुपारी येते. पाणी परत चढायच्या आत अंतिम सामना उरकायचा. ज्या स्पर्धेची वेळ समुद्र ठरवतो तिथे कुणा पुढाऱ्याला दोन तास उशिरा येऊन नारळ फोडायची सोय नसते. मला हे फार आवडतं.

धावपत्रक मी लिहिते. अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे आलं, आणि अक्षर चांगलं झालं ते पत्रकांमुळे. वडील मच्छीमारांच्या संघटनेचं काम करायचे. जेटीवरची जागा, बर्फ, डिझेल, बंदराची भिंत, दर गोष्टीवर पत्रक. घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती. मी वाचायला शिकले ती ‘जाहीर निषेध’वरून. आठवीत असताना मुलींच्या मुतारीला दार नाही म्हणून मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं. आठवड्यात दार लागलं. तिथेच माझं डोकं फिरलं असं ताई म्हणते.

तर, खेळाडू गावचाच. पण गावचा म्हणजे कोण, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि त्यात माझे भावोजी अडकले.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. वडिलांचे गुडघे गेल्यावर होडीवर माणूस हवा होता. ताईशी लग्न झालं आणि भावोजी आमच्याकडेच राहायला आले. त्यांचं गाव पलीकडे. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलं की पुढे अर्धा तास. तिकडे त्यांच्या डाव्या हाताच्या गोलंदाजीचं नाव होतं. लग्नानंतरच्या पहिल्या स्पर्धेला त्यांच्या गावाने सांगितलं, तू आता तिकडचा. आमच्या गावाने सांगितलं, जावई म्हणजे पाहुणा, पाहुण्याला कोणी उन्हात पळवतं का? तीन वर्षं त्यांनी मंडपात बसून लिंबू सरबत प्यायलं. आठवड्यातले पाच दिवस ज्यांच्यासोबत पहाटे समुद्रात जायचं, त्यांनीच स्पर्धेच्या दिवशी म्हणायचं, “काय जावईबापू, माहेरची टीम आली. ओवाळायला जाणार का न्हाय?” भावोजी हसायचे. त्यांना हसण्याखेरीज काही करता येण्यासारखं नव्हतं.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या महिनाभर आधी एका दुपारी मी वाळवणाकडे गेले, तर त्याच्या पुढच्या रिकाम्या किनाऱ्यावर भावोजी चेंडू टाकत होते आणि ताई होडीची जुनी फळी घेऊन उभी होती. मासळी विकून आलेली, पदर खोचलेला.

“नीट टाका,” ती म्हणाली. “मी मारायला उभी हाय, धावायला न्हाय.”

पुढचा चेंडू तिच्या फळीखालून गेला. ती तो आणायला गेली तेव्हा भावोजी खांदा चोळत बसले. मी जवळ गेले.

“दोन वर्षं चालेल हा,” ते खांद्याबद्दल म्हणाले. “जाळं ओढून ओढून कामातून गेलाय. त्याच्या आधी एकदा खेळायचंय. कुठल्या तरी गावाकडून.”

ते शेवटचे तीन शब्द मला सहन झाले नाहीत. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा: ‘जावई माणूस नव्हे काय?’ खाली मुद्दे. बाई लग्न करून येते आणि एका रात्रीत या गावची होते. तिचं रेशनकार्ड इथे, मत इथे, पालखीच्या जेवणाला भाकऱ्या इथे. पुरुष आला तर मरेपर्यंत पाहुणा. जी बाहेरून आली तिला आपली म्हणून राबवायचं आणि जो राबतो त्याला परका समजायचं, ही कसली रीत? मानपान हे माणसाला दूर ठेवायचं जुनं हत्यार आहे. वगैरे. साठ प्रती काढल्या. जेटीवर, वाण्याकडे, सलूनमध्ये, सगळीकडे ठेवल्या. भावोजींना विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धेचं मंडळ आमच्या दारात. पुढे अध्यक्षकाका, त्यांच्यामागे आमच्या संघाचा कप्तान आणि दोन म्हातारी माणसं. एकाच्या हातात ताट. ताटात नारळ, टॉवेल, टोपी.

मला कळायला जरा वेळ लागला. गावाने पत्रक वाचलंच नव्हतं. फक्त मथळा पाहिला होता, आणि त्याचा त्यांना एकच अर्थ लागला. जावई रुसला. आमच्याकडे लग्नात जावयाने रुसायची आणि सगळ्यांनी त्याची समजूत काढायची रीतच आहे. रुसलेल्या जावयाचं काय करायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

“बापू, मन मोठं करा,” अध्यक्षकाका म्हणाले. “आमचं काही चुकलं असंल.”

भावोजींनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी लिहीत नाही. “काका, मी रुसलो न्हाय.”

“रुसलेला माणूस हेच बोलतो,” एक म्हातारा म्हणाला.

“अहो, खरंच न्हाय.”

“माझा जावई पण असंच बोलला होता. मग मोटारसायकल घेऊन गेला.”

वडील ओटीवर बसून पत्रक वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. “दुसरा मुद्दा बिनतोड हाय,” ते मला म्हणाले. “पण मथळा चुकला. मथळ्यात मागणी पाहिजे.”

आईने पाट मांडला. भावोजींना बसवलं. ताट त्यांच्यापुढे आलं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. भावोजींनी नारळाकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि ताट हलकेच पुढे सरकवलं.

“टोपी नको,” ते म्हणाले. “बॉल द्या.”

कप्तान अध्यक्षकाकांकडे बघायला लागला. ताट पुढे ठेवल्यावर जावयाने जे मागितलं ते नाही म्हणता येत नाही. हेही सगळ्यांना लहानपणापासून माहीत. अध्यक्षकाकांनी खूप वेळ डोकं खाजवलं.

“दिला,” ते म्हणाले. “पण तुमच्या गावाशी मॅच लागली तर बसायचं. भावाभावांत आम्ही लावून दिली असं उद्या कोणी बोलायला नको.”

मी तोंड उघडलं. ताईने मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की ते तसंच मिटलं. “तुझं एक पत्रक पुरे झालं,” ती कानात म्हणाली.

मी दोन दिवस धुसफुसत होते. ज्या मानपानाविरुद्ध मी लिहिलं, त्याच मानपानाने त्यांना संघात घेतलं होतं. हा विजय कसा म्हणायचा? भावोजींना मात्र हा प्रश्न पडलेला दिसला नाही. ते रोज होडी लावून झाली की सरावाला जायला लागले.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्याच सामन्यात त्यांनी दोन षटकांत तीन गडी काढले. माझ्या धावपत्रकावर त्यांच्या नावापुढच्या तीन फुल्या मी जरा जास्तच ठळक मारल्या, हे कबूल करते. पण मैदानावर जे चाललं होतं ते बघवत नव्हतं. दुसऱ्या एका गोलंदाजाने एक चेंडू आखूड टाकला तर कप्तानाने त्याच्या सात पिढ्या काढल्या. भावोजींनी लागोपाठ दोन वाइड टाकले तर तोच कप्तान धावत जाऊन म्हणाला, “बापू, जमलं तर जरा स्टंपात टाकता का?” जणू जेवताना आणखी भात वाढू का विचारतोय.

उपांत्य सामनाही आम्ही जिंकलो. आणि अंतिम सामन्याला समोर आलं ते पलीकडचं गाव, भावोजींचं.

भावोजी माझ्या टेबलाशी येऊन बसले. बूट काढले, मोज्यांतली वाळू झटकली. “लिही,” म्हणाले, “बारावा खेळाडू.”

नाणेफेकीला त्यांच्या गावाचा कप्तान आला, म्हणजे भावोजींचे थोरले भाऊ. काळेभोर, रुंद खांद्यांचे, स्वतःची होडी असलेले. त्यांनी मंडपाकडे पाहिलं आणि नाणं उडवायचं सोडून सरळ इकडेच आले.

“हा बसलाय का?”

“ठरलंय तसं,” अध्यक्षकाका म्हणाले. “तुमच्याशी न्हाय खेळायचं.”

“कोणी ठरवलं?”

“आम्ही. तुमच्याच मानासाठी.”

“माझ्या मानासाठी?” थोरले म्हणाले. “याला बसवून जिंकलो तर आई मला घरात घेल का? आणि मी याला मॅचमध्ये कधी खेळलोच न्हाय. लहानपणापासून एका टीममध्ये. मला त्याचे बॉल मारायचेत.”

“मारशील?” भावोजी बसल्या जागेवरून म्हणाले.

“बूट घाल आधी.”

अध्यक्षकाका समुद्राकडे बघत होते. ओहोटी संपून पाणी वळलं होतं. “काय ते लवकर करा,” ते ओरडले. “भरती काय तुमच्यासाठी थांबणार न्हाय.” भावोजींनी बूट घातले.

आम्ही बावन्न धावा केल्या. शेवटचं षटक कप्तानाने भावोजींना दिलं तेव्हा पलीकडच्यांना नऊ धावा हव्या होत्या आणि समोर थोरले भाऊ होते. कप्तानाने क्षेत्ररक्षण लावलं आणि एवढंच सांगितलं की सगळे चेंडू पायात टाका. पहिला पायातच पडला, धाव नाही. दुसऱ्यावर दोन. तिसरा बॅटच्या खालून गेला आणि आमचं सगळं गाव किंचाळलं. चौथा थोरल्यांनी समुद्राच्या बाजूला मारला. चेंडू पाण्यात गेला की आमच्याकडे चौकार. राहिल्या तीन. पाचवा पुन्हा चुकला. मंडपात माझ्यामागे ताई उभी होती. तिने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की पेन धड चालेना.

शेवटचा चेंडू भावोजींनी सावकाश टाकला. पळत येणं तेच, हात तोच, आणि चेंडू मात्र हवेत रेंगाळत गेलेला. फसवा चेंडू. दुसरा कोणीही आधीच बॅट फिरवून बसला असता. थोरले शांतपणे थांबले, आणि चेंडू हातात आल्यासारखा आला तेव्हा त्यांनी तो उचलून पाण्यात टाकला. मी चार लिहिले. खाली रेघ मारली.

तो फसवा चेंडू भावोजींना शिकवला कोणी, हे मला नंतर कळलं. थोरल्यांनीच.

पलीकडचं गाव नाचायला लागलं. आमच्या बाजूची माणसं चपला शोधायला लागली. मग मागून कोणीतरी म्हणालं, “दिला भावाला. शेवटी तिकडचाच.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पत्रकातली सगळी वाक्यं एकदम तोंडाशी आली. पण माझ्या आधी आमचा कप्तान मैदानातून निघाला होता. तो बोलणाऱ्याकडे गेलाच नाही. तो सरळ भावोजींकडे गेला.

“पायात टाक बोललो होतो का न्हाय?” तो ओरडला. “व्हय का न्हाय? सहा बॉल पायात टाकायचे, एवढं पण डोक्यात राहत न्हाय? स्लो टाकतोय! कोणाला? ज्यानं शिकवला त्याला! बैल!”

“अरे, त्याच्या आधी दोनदा चुकला होता—”

“चुकला तर चुकू दे ना! मध्येच हुशारी कोणी सांगितली? वर्षभर कोळंबी निवडायला बसवला पाहिजे तुला.”

मागचा माणूस पुन्हा काहीतरी पुटपुटला. कप्तान वळला. “तू गप रे! तुला बॉल तरी टाकता येतो का?” आणि परत भावोजींकडे. “उद्यापासून सरावाला सगळ्यांच्या आधी यायचं. पन्नास बॉल पायात. मी मोजणार.”

भावोजी मान खाली घालून ऐकत होते. मी टेबलावरून त्यांचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं ते रडतायत. ते हसू दाबत होते.

तेवढ्यात पाण्याची पहिली पातळ जीभ खेळपट्टीपर्यंत आली. अध्यक्षकाका मंडपाचा बांबू हलवत ओरडले, “ए, भांडणं मागून करा! खांब कोण उपटणार, तुझा बाप? चल, धर तिकडून.” ते भावोजींना म्हणत होते. भावोजींनी धरलं. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला कप्तान, आणि दोघं बांबू खांद्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघाले. वाटेत कप्तान अजून शेवटच्या चेंडूबद्दल सांगत होता. आणि आता भावोजीही मागे राहिले नव्हते. चौथा चेंडू पाण्यात जायला फाइन लेगला कोण झोपलं होतं, हे ते मोठमोठ्याने विचारत होते.