रुखवतात मांडलेलं यंत्र

आमच्या भावजींना सगळं महाड ‘पेटंट वकील’ म्हणायचं. बाकीचे वकील कोर्टात जमिनीचे दावे लढायचे, आणि ह्यांच्याकडे कुणी कुडपण गावाहून तण काढायचं नवं अवजार गोणपाटात गुंडाळून आणायचा. भावजी आधी दार लावायचे. "अजून कुणाला दाखवलंस?" "बायकोला" म्हटलं तरी कपाळाला आठ्या. "तोंड शिवून ठेव. अर्ज आधी, कौतुक मागाहून." अर्जाआधी वस्तू चारचौघांत दाखवली की पेटंटचा हक्क जातो, हे मला त्यांनीच शिकवलं.

त्या अर्जांतली चित्रं काढायची माझी ताई, म्हणजे त्यांची बायको. शाळा सातवीपर्यंत, पण रेघ कशी सरळ! खाली सही मात्र भावजींची. चित्रं काढता काढता तिलाही सुचलं: हाताला चीक न लागता कच्चा फणस सोलायचं यंत्र. जुन्या सायकलचं पायडल लावून तीन वर्षं खपली बिचारी. आयुष्यात एकदा कागदावर आपलं नाव यावं, एवढंच तिचं मागणं. भावजी म्हणायचे, "अगं, घरचंच आहे, पळून जातंय का कुठं?" परक्यांचे अर्ज मात्र भराभर!

मग ताईच्या लेकीचं लग्न आलं. रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी ते यंत्र मांडलं, आणि मांडलं कुणी? भावजींनीच! शिवाय व्याह्यांना हाताला धरून आणलं, फणस लावला, पायडल फिरवून दाखवलं. "आमच्या हिचं डोकं, बरं का!" लोक टाळ्या वाजवतायत, मोबाईलवर टिपतायत.

ताई पांढरी पडली. "अहो, माझा अर्ज राहिला ना?"

पायडलवरचा भावजींचा हात तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "भावजी, भरा अर्ज. मुंबईच्या हापिसात कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना, सुमे. खोट्यावर सही नाही करणार मी."

असा राग आला मला! चूक ह्यांची, तत्त्व ह्यांचं, आणि गेलं ते ताईचं. माणूस वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण ताईला ताप आला की स्वतः पेज करून भरवणारा माणूस हा. त्याच्यावर धड रागावताही येत नाही, आणि राग तर जात नाही.

यंदा भावजी गेले. शोकसभेत जो तो उठून सांगत होता, असा प्रामाणिक वकील होणे नाही. मला राहवेना. उभी राहून म्हटलं, "तो प्रामाणिकपणा कुणाच्या जिवावर झाला, तेही सांगा की!"

ताईनं माझा पदर ओढला. "बस गो खाली."

बसले. पण मी खोटं बोलले, असं काही ती म्हणाली नाही.