पाच माणसांचं तत्त्वज्ञान

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. माझ्याकडचे सगळे सोनपेठच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीतले. आता जीव भांड्यात पडलाय, म्हणून हसत सांगते.

मी परभणीला कॉलेजात उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवलं. शेवटच्या वर्षी वर्गात दोन पोरी, त्यातली एक चुकून आलेली! रिटायर होऊन माहेरी सोनपेठला आले, तेव्हा खरंच धास्ती होती की हा विषय माझ्यासोबतच रिटायर होणार. म्हणून वाचनालयाच्या अण्णांकडे रविवारची खोली मागितली. अण्णा अध्यक्ष आणि कॅरमचे शौकीन. म्हणाले, "सहा रविवार घ्या, मॅडम. सहाव्याला पाच माणसं दिसली तर खोली तुमची. न्हाई तर कॅरम!"

•

पहिल्या रविवारी दारावर पाटी लावली: "तुमचे प्रश्न घेऊन या." खोली गच्च! मी तर हरखलेच. मग पाहते तर प्रत्येकाच्या हातात आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो.

एक आजी म्हणाल्या, "माझा प्रश्न निराधारचा हाय. लिहा."

अंधार पडेपर्यंत अर्ज लिहीत बसले. पुढच्या रविवारी त्यातलं कुणीच फिरकलं नाही. बाजारात आजी भेटल्या, तर हसून म्हणाल्या, "आता कशाला येऊ? प्रश्न सुटला की!"

•

पाटी बदलली: "भारतीय दर्शन, दुपारी चार." बरोबर चारला मारोतराव नावाचे शेतकरी आले. चपला बाहेर, हातात नारळ.

"दर्शन कुठून हाय?"

"इथंच. बसा."

त्यांनी खोलीभर पाहिलं. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही. शेवटी बिचाऱ्यांनी मलाच हात जोडले! मी लाजेनं अर्धी झाले. दर्शन म्हणजे जगाकडं पाहायची रीत, असं समजावून सांगितलं.

"म्हंजे देव न्हाई?"

"आहे की नाही, त्यावरच बोलायचंय."

"मग नारळ आत्ता फोडू, का निकाल लागल्यावर?"

•

रशीदभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. ते आले त्या दिवशी विषय होता: एखाद्या वस्तूचे सगळे भाग बदलले, तर ती वस्तू तीच राहते का?

रशीदभाई उसळलेच. "हे तर माझं रोजचं लफडं हाय! वाइंडिंग बदललं, शाफ्ट बदलला, बॉडी बी बदलली. तरी गिऱ्हाईक म्हणतंय, मोटार माझीच हाय!"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मोटार तीच. गॅरंटी न्हाई!"

याच प्रश्नावर मी वर्गात दोन-दोन तास घसा कोरडा केलाय.

•

एकदा जुनी गोष्ट सांगितली. दहाजण नदी ओलांडतात. पलीकडं गेल्यावर जो तो मोजतो, पण भरतात नऊच, कारण मोजणारा स्वतःला धरत नाही. एकजण बुडाला म्हणून सगळे गळा काढतात.

रिटायर कंडक्टर मानेमामा म्हणाले, "त्यात काय रडायचं? आमी सोताला न धरता आख्खी नोकरी काढली!"

लय हसले सगळे. भाजीवाल्या गयाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दर रविवारी भिंतीला टेकून बसायच्या आणि चकार शब्द काढायच्या नाहीत. गोष्ट समजली नसेल, असं मला वाटलं.

•

सहावा रविवार उजाडला. माणसं चारच: मारोतराव, रशीदभाई, मानेमामा, गयाबाई. अण्णा कॅरमबोर्ड काखेत मारून हजर!

"चारच हायेत, मॅडम. तुमी शिकवणाऱ्या, तुमाला धरता येत न्हाई."

रशीदभाईंनी विचारलं, "अण्णा, चार माणसं विचार करायलेत, तो विचार न्हाई का?"

अण्णांनी बोर्ड भिंतीला लावला. "नियम म्हंजे नियम."

"केला कुणी?"

"मी."

"मग मोडायचा हक्क कुणाला?"

झालं! अण्णा खुर्ची ओढून बसले. नियम म्हणजे काय, शब्द म्हणजे काय, न्याय कशाला म्हणायचं, तासभर नुसती खडाजंगी! चहा दोनदा झाला. कप मी विसळले.

शेवटी अण्णा घाम पुसत उठले. "कायबी म्हणा, मी परत मोजतो." एकेकावर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन, चार. चारच!"

भिंतीपाशी गयाबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"अण्णा, मोजणाऱ्याला धरा की."